तुझाच वास

१

सासूबाईंची, म्हणजे अव्वांची, आंघोळ, जप, न्याहारी उरकली की अंजना हॉलच्या खिडकीपाशी बसायची आणि चार छोट्या बाटल्या समोर मांडायची. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. एकेक बाटली उघडायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि त्या वासाची आठवण काढत हळूहळू श्वास आत घ्यायची. लिंबू हुंगताना लोणच्याच्या फोडी आठवायच्या, लवंग हुंगताना दुखरी दाढ. मोडलेला पाय बरा झाल्यावर माणसाला परत चालायला शिकावं लागतं, तसंच नाकालाही शिकवावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तेलं दिली होती सलिमानं. सलिमा तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. महाद्वार रोडच्या एका गल्लीत तिचं अत्तरांचं आणि सुगंधी तेलांचं दुकान होतं.

गेल्या तापाच्या साथीत अंजनाचं नाक गेलं होतं. ताप उतरला, खोकला हटला, तोंडाला थोडीफार चव आली, वास मात्र परतला नाही. खरं तर कसबा बावड्यात राहून वास न येणं ही चैनच. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीच्या उग्र वासानं सगळी कॉलनी दारं-खिडक्या लावून बसायची. "सुखी हायस बघ तू," असं नवरा गोमटेश म्हणायचा. अंजनाला हसू यायचं नाही.

कारण तिचं सगळं नाकावर चाललेलं होतं. कोल्हापुरात राहून बिनकांद्या-लसणाची चटणी करून विकायची, ही गोष्ट सुरुवातीला लोकांना थट्टाच वाटली होती. पण जैन घरांनी ती उचलली, आणि मग चव बघून बाकीच्यांनीही. फ्लॅटच्या मागच्या खोलीत मोठी शेगडी, मोठी कढई. खोबरं, तीळ, धने, दगडफूल एकामागून एक भाजायचं. खोबऱ्याचा एक क्षण असतो. त्याच्या आधी ते कच्चं, त्याच्यानंतर ते कडू. डोळ्यांना तो दिसत नाही. अंजनाला तो नाकानं कळायचा, आणि तिचा हात आपोआप कढईच्या कानाकडं जायचा.

तापातून उठल्यावर तिनं पहिल्यांदा खोबरं टाकलं, तेव्हा समोरच्या फ्लॅटमधली क्रांती ओरडत आत आली होती. खोली धुरानं भरलेली, कढईत कोळसा, आणि अंजना शांतपणे उलथनं फिरवत उभी. त्या दिवशी गोमटेशनं सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवला. कढई पालथी घातली. खोलीचं दार ओढून घेतलं. तेव्हापासून मागची खोली बंदच होती.

त्या सकाळी अंजनानं निलगिरीची बाटली बंद केली. नेहमीप्रमाणं काहीच आलं नव्हतं. नाकात नुसती गार हवा.

दिवाणावर जपमाळ ओढत बसलेल्या अव्वांनी मान वर केली. काचबिंदूनं त्यांची नजर कधीच गेली होती. तरी त्या मागच्या खोलीच्या दिशेला तोंड करून समाधानानं म्हणाल्या, "आज खोबरं लै झ्याक भाजलंस गं."

२

म्हातारी माणसं. आठवणीतला वासही त्यांना खरा वाटतो. शिवाय वर्षानुवर्षं मसाला भाजून भिंतींनी तो वास पिऊन ठेवला असणार. थोडं ऊन तापलं की सुटत असेल. अंजनानं स्वतःला असं समजावलं, आणि समजावल्यावरही उठून मागच्या खोलीचं दार उघडलं.

खोली गार होती. कढई पालथी. शेगडीवर धुळीचा पातळ थर. धुळीवर बोट फिरवून तिनं रेघ ओढली, ती रेघ बघितली, आणि दार ओढून घेतलं.

गोमटेश शिरोलीच्या एका फौंड्रीत सुपरवायझर होता. पहिल्या पाळीवरून दुपारी घरी यायचा. त्या दिवशी आला तो चपला काढायच्या आधीच हसत.

"चालू केलंस व्हय? सांगितलं न्हाईस ते! जिन्यापासनं वास येतोय."

"कसला वास?"

"कसला म्हणजे? खोबऱ्याचा की. तीळ बी भाजलेत." त्यानं दोन्ही नाकपुड्या फुगवून श्वास ओढला. "तुझाच वास."

"मी काही भाजलेलं नाही. रेग्युलेटर तुम्हीच काढून ठेवलाय."

तो आत जाऊन बघून आला. आला तेव्हा हसू निम्मं उतरलं होतं. "खालच्या मजल्यावर कुणी तरी करत असंल," असं म्हणून तो हात धुवायला गेला.

जेवताना अंजनानं विचारलं, "तुझाच वास म्हणालात. म्हणजे काय?"

"म्हणजे... तुझा वास. मसाल्याचा. धन्याचा, खोबऱ्याचा. वर थोडा घामाचा, थोडा त्या हिरव्या साबणाचा. लग्न झाल्यापासनं हाय तसा. रातपाळी करून आलो की दारातच कळायचं, अंजना घरात हाय."

"आणि आता? आत्ता येतोय माझ्या अंगाला?"

गोमटेश तिच्याकडं वाकला. लहान मुलाच्या डोक्याचा वास घ्यावा तसं त्यानं तिच्या खांद्याशी नाक नेलं. मग पुन्हा एकदा. ताटाकडं बघत म्हणाला, "सर्दी झालीया वाटतं मला."

"पण खोबऱ्याचा येतोय."

"व्हय," तो म्हणाला. "त्यो येतोय."

३

"अगं, दोन जिवांनी एका घरात वीस-वीस वर्षं काढली की होतं असं," सलिमा म्हणाली. "आमच्या अमीनला तर मी समोर उभी राहिले तरी दिसत नाही. वासाचं काय घेऊन बसलीस!"

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कपाटाच्या काचेमागं अत्तराच्या कुप्या रांगेनं उभ्या होत्या आणि सलिमा स्टुलावर बसून एका बाईसाठी लव्हेंडरचं तेल खोबरेल तेलात मिसळत होती. बाईला झोप येत नव्हती म्हणे. सलिमाकडं येणाऱ्या निम्म्या बायका अत्तरासाठी यायच्या आणि निम्म्या झोपेसाठी, डोकेदुखीसाठी, जिवाच्या तगमगीसाठी. तेलानं सगळं बरं होतं असं ती कधी म्हणायची नाही. "थोडा निवांतपणा मिळतो, तेवढा घ्या," म्हणायची.

"हात कर इकडं," ती म्हणाली. "गुलाबाचं नवीन आलंय. तुला वास येत नसला तरी बाकीच्यांना येऊ दे."

तिनं काचेच्या काडीनं अंजनाच्या मनगटावर अत्तराचा ठिपका लावला. दुसरा स्वतःच्या मनगटावर. मग सवयीनं अंजनाचा हात नाकाशी नेला.

बोलता बोलता ती थांबली.

तिनं आपलं मनगट हुंगलं. पुन्हा अंजनाचं. काडी परत बुडवून तिनं मोठा थेंब लावला, अंगठ्यानं चोळला, हुंगला.

"काय झालं?"

"काही नाही गं. अत्तर प्रत्येकीच्या अंगावर वेगळं उठतं. कुणाच्या अंगावर गोड लागतं, कुणाच्या तुरट..."

"आणि माझ्या?"

सलिमानं काडी खाली ठेवली. कापसाच्या बोळ्यानं अंजनाचं मनगट पुसलं आणि तो बोळा हुंगला. बोळ्याला गुलाबाचा वास होता. ते सलिमाच्या चेहऱ्यावर अंजनाला स्पष्ट दिसलं.

"तुझ्यावर उठेना बघ," सलिमा शेवटी म्हणाली आणि उगाचच हसली. "औषधं चालू आहेत ना? त्याचा परिणाम असेल. एक काम कर. हे घेऊन जा." तिनं कपाटाखालून एक पांढरं भांडं काढलं. डिफ्यूझर. पाणी घालायचं, तेलाचे थोडे थेंब टाकायचे, बटण दाबलं की वरून गार वाफ निघते. "लव्हेंडर टाक. घर भरून जाईल. सगळ्यांचं डोकं शांत राहील. तुझं पण."

निघताना सलिमानं तिला मिठी मारली. ती मिठी नेहमीपेक्षा जरा लांबली. मिठीत असताना सलिमानं तिच्या मानेपाशी हळूच श्वास ओढलेला अंजनाला जाणवला. ओढला, आणि मग थोडा वेळ रोखून धरला.

४

डिफ्यूझर तिनं हॉलच्या मधोमध टीपॉयवर ठेवला. दुपारची वेळ. पंखा बंद, खिडक्या मळीच्या वासामुळं लावलेल्या. अव्वा दिवाणावर कलंडल्या होत्या. भांड्यातून वाफेची बारीक शेपटी निघाली, थोडी वर चढली, आणि मग आडवी झाली.

अंजनाला आधी ते बघायला बरं वाटलं. गोवऱ्यांच्या धुरासारखी नाही, स्वच्छ, हलकी वाफ. ती टीपॉयवरून खाली उतरली, फरशीलगत सरकत सरकत मागच्या खोलीच्या दाराशी गेली आणि दाराखालच्या फटीतून आत शिरली.

मग थांबली.

थोड्या वेळानं वाफ पुन्हा आडवी झाली, पुन्हा फरशीवरून सरकत गेली, पुन्हा फटीत शिरली. पुन्हा थांबली.

मागच्या खोलीत एक्झॉस्ट फॅनचं भोक आहे, हे अंजनाला लगेच आठवलं. वारा ओढत असणार. बाहेर वाऱ्याची झुळूक आली की ओढ लागते, गेली की थांबते. सरळ आहे. ती उठली, जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेतला, खोलीत जाऊन भोकावर घट्ट बसवला, कडेनं चिकटपट्टी लावली. खोलीत तसं काहीच नव्हतं. पालथी कढई, बरण्या, भिंतीवर टांगलेलं उलथनं. धुळीवरची तिनं ओढलेली रेघ मात्र तिला सापडली नाही. शेगडी पुसल्यासारखी लख्ख होती. गोमटेशनं पुसली असेल, असं मनाशी म्हणून ती बाहेर आली आणि दार लावून टीपॉयसमोर फरशीवरच बसली.

वाफ उभी चढत होती. एकदम सरळ. अंजनाच्या जिवात जीव आला.

मग ती वाकली. आडवी झाली. दाराकडं निघाली.

अंजना बघत राहिली. आत जाणं, थांबणं. आत जाणं, थांबणं. वाऱ्याला अशी लय नसते, हे तिला कळत होतं. पण मग ही लय कशाची, हा पुढचा विचार तिनं केला नाही. तिनं बटण बंद केलं.

त्या शांततेत दाराआड बारीक तडतड ऐकू आली. तीळ तापल्यावर उडतात, तशी. दिवाणावर अव्वा झोपेतच ओठ चाटत होत्या.

५

दोन-चार दिवस बरे गेले. मग एका सकाळी अंजना अव्वांसाठी पेज घेऊन गेली. वाटी हातात दिली तर अव्वांनी हात मागं घेतला आणि पदर सावरून ताठ बसल्या.

"कोण?"

"मी अव्वा. अंजना."

अव्वांनी मान कलती केली. नजर गेल्यापासून त्या असंच माणूस ओळखायच्या. आधी नाकानं, मग कानानं. गोमटेश लोखंडाचा, क्रांती खोबरेल तेलाची, भाजीवाली मेथीची. आवाजापेक्षा त्यांचा वासावर जास्त भरवसा होता.

"आवाज तसाच हाय की," त्या पुटपुटल्या. मग एकदम सौजन्यानं म्हणाल्या, "बसा पावणं, बसा. कुठनं आलायसा?" आणि मागच्या खोलीकडं तोंड करून जोरात हाक मारली, "अंजना! अगं ए अंजना! बघ की कोण आलंय. पाणी आण."

अंजनानं वाटी खाली ठेवली.

"अव्वा, मी इथंच आहे. तुमच्यासमोर."

"तसं नसतंय," अव्वा समजूत घालावी तशा म्हणाल्या. "सून माझी आत कामात हाय. येईल बघा आता."

लग्न होऊन आली तेव्हापासून अंजनानं या बाईचं सगळं केलं होतं. डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी इस्पितळात तीच राहिली होती. नजर गेली तेव्हा अव्वा रडल्या होत्या त्या तिच्याच मांडीवर. ती स्वयंपाकघरात गेली. धन्याची पूड तळहातांवर घेतली, हात चोळले, मानेला चोळली, पदराला लावली. वाटीभर खोबरं किसलं आणि त्याचंही तेल हातांना माखलं. मग परत येऊन अव्वांपुढं गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हात त्यांच्या नाकाशी धरले.

"आता बघा. आता सांगा कोण ते."

अव्वांनी ते हात हातात घेतले. बराच वेळ हुंगले. तळहात, बोटांच्या पेरांमधली जागा, मनगट. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"धनं हाईत," त्या म्हणाल्या. "खोबरं बी हाय. माणूस कुठं हाय?"

आणि त्यांनी ते हात हळूच, जपून, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसे, अंजनाच्या मांडीवर ठेवून दिले.

त्या दिवशी अव्वांनी तिच्या हातून घास घेतला नाही. दुपारी गोमटेश आला आणि त्यानं भरवायला घेतलं, तर म्हणाल्या, पोट भरलंय. ओठांच्या कडेला लालसर काहीतरी लागलं होतं. गोमटेशनं बोटानं टिपून चाखलं.

"चटणी," तो म्हणाला. अंजनाकडं बघत राहिला. "तुझी चटणी."

"घरात चटणी नाही," अंजना म्हणाली. "तापाच्या आधीच संपली."

"मग मी काय खोटं सांगतोय?"

"मी तरी कुठं खोटं सांगतेय?"

दोघंही एकमेकांकडं अशी बघत होती, जणू समोरच्याच्या चेहऱ्यावर उत्तर लिहिलेलं असावं. कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं. गोमटेश खाली मान घालून म्हणाला, "तू जरा चार दिवस बाहीर जाऊन ये. दमलीयास."

६

सलिमा कळंब्याला राहायची. तलावाच्या अलीकडं, स्वतःचं छोटं घर. तिनं काही विचारलं नाही. अंजनाला झोपायला लावलं, उठली की जेवायला घातलं. तिच्या जैन जेवणासाठी वेगळी भांडी घासून ठेवली होती, वेगळा तवा आणला होता. संध्याकाळी उन्हं असतानाच जेवून दोघी तलावाच्या काठानं चालत.

बाटल्यांचा व्यायाम मात्र सलिमानं चुकवू दिला नाही. सकाळी ती समोर बसायची आणि बाटली उघडून अंजनाच्या नाकाशी धरायची.

"डोळे मीट. लिंबाचा विचार कर."

"करतेय."

"लिंबाचाच कर. घराचा करू नको."

असंच एका सकाळी अंजनानं श्वास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आधी तिला कळलंच नाही की काय होतंय. नाकाच्या मुळाशी काहीतरी बारीक टोचलं. मग ते पसरलं. पिवळं, आंबट, धारदार.

"सलिमा," ती म्हणाली. "सलिमा, साल! सालीचा वास येतोय! आत काहीतरी कडवट आहे, पांढऱ्या भागाचा..."

सलिमा किंचाळली. आतून अमीन धावत आला आणि दोघी रडताहेत बघून तसाच मागं फिरला. मग सलिमानं गुलाब दिला. गुलाब आला. लवंग आली, झणझणीत. निलगिरी आली. सलिमानं तिला घरभर फिरवलं. चहाची पूड, रॉकेल, भिजलेली माती, धुतलेली चादर. अंजना प्रत्येक वस्तूला नाक लावून हसत होती.

"मला तुझा येतोय," ती सलिमाला म्हणाली. "गुलाबाचा आणि कसल्यातरी औषधाचा."

"बाम. पाठीला लावते," सलिमा लाजली.

मग अंजनानं स्वतःचा हात नाकाशी नेला. आलं नाही काही. पण स्वतःचा वास कुणालाच येत नाही. त्यात विशेष काही नाही.

"माझा?" तिनं विचारलं.

सलिमा बाटल्या गोळा करत होती. "येईल की," ती न बघता म्हणाली. "एकेक करून सगळं येईल."

७

रविवारी दुपारी ती घरी निघाली. गोमटेशला आधी सांगितलं नाही. दारात उभं राहून त्याच्या शर्टाचा लोखंडी वास सांगायचा, असं तिनं रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं होतं. बावड्यात शिरल्यावर मळीचा भपकारा आला आणि तिनं तोंड बाहेर काढून तो छातीभर घेतला. रिक्षावाला आरशातून बघत राहिला.

जिना चढताना प्रत्येक मजला बोलत होता. तळमजल्यावर फिनेल. पहिल्यावर कुणाकडं तरी मोहरीची फोडणी. दुसऱ्यावर उन्हात वाळत घातलेले कपडे. आणि मग, आपल्या मजल्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर, खोबरं.

ती थांबली. कठडा धरून उभी राहिली.

काय वास होता तो! ज्या वासासाठी ती इतके महिने रडली होती, तोच. कीस नुकता रंग बदलू लागला होता. कडेचा जरा लवकर, मधला उशिरा. हात सारखा फिरत होता. त्यामागं तिळाचा, त्यामागं धन्याचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी आणखी काहीतरी. उबदार, जरासं खारट, हिरव्या साबणाचं. ते काय आहे हे तिला ओळखता येईना. कधीही न हुंगलेला वास होता. तरी तिच्या अंगावर काटा आला.

तिनं किल्लीनं दार उघडलं. गोमटेश आतल्या खोलीत झोपला होता, घोरण्याचा आवाज येत होता. अव्वा दिवाणावर भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. मागच्या खोलीचं दार किंचित उघडं होतं.

अंजना त्या फटीशी जाऊन उभी राहिली. आत जावं की पळावं, काहीच सुचेना. आणि तेवढ्यात तो क्षण जवळ येऊ लागला. नाकाला आधी कळलं. खोबऱ्यातला कच्चेपणा सुटला, गोडी वर आली, आता पुढच्या श्वासाला ते कडू होणार. सवयीनं तिचं मन म्हणालं, उतरव. आता. उतरव.

आत कढईचा कान पकडल्याचा आवाज झाला. आणि जड कढई फरशीवर टेकली. ठक्.

तिनं दार ढकललं.

वाफ होती. दुपारचं ऊन खिडकीतून वाफेत शिरलं होतं, त्यामुळं नीट दिसलं नाही. एक बाई पाठमोरी होती. पदर कमरेला खोचलेला, मान कढईवर झुकलेली. स्वतःची पाठ कुणी पाहिलेली असते? अंजनाला ओळख पटली नाही, आणि नाही पटली असंही म्हणता येईना. ती बाई काही करत नव्हती. नुसता श्वास घेत होती. खोल, संथ, खांदे वर उचलत. घेतच राहिली.

आणि अंजनाच्या नाकातून एकेक वास निघून जाऊ लागला. आधी खोबरं. मग हॉलमधला डिफ्यूझरचा शिळा लव्हेंडर. मग बोटांवरचा रिक्षाभाड्याच्या नाण्यांचा ओलसर धातूचा वास, सलिमाच्या मिठीतला गुलाब, खालच्या मजल्यावरची फोडणी. कुणीतरी दोर ओढावा तसे ते तिच्या अंगावरून, कानांवरून, पुढं पुढं ओढले गेले. शेवटी मळीसुद्धा गेली.

डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिनं पापणी मिटली आणि उघडली. खोलीत कुणी नव्हतं. कढई जागच्या जागी पालथी होती. रेग्युलेटर काढलेला. तिनं कढईवर हात ठेवला. कोमट लागली. पण खिडकीतलं ऊन बरोबर तिथंच पडलं होतं. उन्हानंही लोखंड तापतं. ती किती तरी वेळ हात तसाच ठेवून, ऊन आणि जाळ यांतला फरक तळहातानं शोधत राहिली.

"आलीस व्हय?"

ती दचकून वळली. गोमटेश झोपेतून उठून हॉलमध्ये उभा होता. तिला बघून त्याचा चेहरा फुलला. तो खोलीच्या दारापर्यंत आला, उंबऱ्याशी थांबला, आणि त्यानं श्वास ओढला.

"आला बघ," तो म्हणाला. "किती दिसांनी! तुझा वास आला बघ, अंजना. खरा. नुसत्या मसाल्याचा न्हवं. तुझा."

तिला आनंद व्हायला हवा होता. तिनं ओठ ओले केले. "कुठून येतोय?"

"कुठून म्हणजे?"

"डोळे मिटा," ती म्हणाली. "अव्वा ओळखतात तसं ओळखा. आणि बोट दाखवा."

त्याला ती थट्टा वाटली. तो हसला, त्यानं आज्ञाधारकपणे डोळे मिटले आणि उजवा हात वर केला. अंजना उंबऱ्याच्या आत उभी होती, त्याच्यासमोर, खोलीकडं पाठ करून.

गोमटेशचं बोट तिच्याकडं आलं नाही. ते तिच्या खांद्यावरून पलीकडं, खिडकीकडं रोखलं गेलं. तिथं क्षणभर थांबलं. मग हळूहळू सरकायला लागलं. बरण्यांच्या फळीपासून शेगडीपर्यंत. शेगडीशी जरा रेंगाळलं. मग इकडं वळलं. दिवा घेऊन चालणाऱ्या माणसामागं नजर फिरावी तसं ते बोट फिरत होतं, सावकाश, मधेच थबकत, जवळ जवळ येत. गोमटेशच्या मिटल्या डोळ्यांखाली हसू होतं.

बोट तिच्या कानाशी येऊन थांबलं.

"हितं," तो म्हणाला.

अंजना हलली नाही. तिच्या मानेवरचे बारीक केस हळूच मागं ओढले गेले, जसे कुणी अगदी जवळून, जीव लावून श्वास घेताना ओढले जातात. ती तो श्वास सुटायची वाट बघत राहिली.